मुद्रित परिपथ फलकावरील ट्रॅकची रुंदी व परस्परांतील अंतर : एक विवेचन

प्रास्ताविक

मोबाईलच्या चार्जरपासून रुग्णालयातील यंत्रांपर्यंत जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या अंतर्भागात बहुधा हिरव्या रंगाचा एक फलक आढळतो. त्यावरील तांब्याच्या पातळ पट्ट्या तारांचे कार्य करतात. मूळचे ऑस्ट्रियन अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये अशा फलकाचा रेडिओ तयार केला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये मुद्रित परिपथ वापरले आणि युद्धोत्तर काळात हे तंत्र सर्वत्र रूढ झाले. परिभाषेत त्यास ‘मुद्रित परिपथ फलक’ असे म्हणतात. व्यवहारात मात्र फलकास पीसीबी व पट्टीस ट्रॅक हेच शब्द रुळले आहेत. प्रस्तुत लेखात तेच योजले आहेत.

पीसीबीची आखणी करताना दोन प्रश्न प्रत्येक ट्रॅकच्या बाबतीत उपस्थित होतात. ट्रॅक किती रुंद असावा, आणि शेजारच्या ट्रॅकपासून तो किती दूर असावा? हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात. आखणीच्या संगणक प्रणालीत एक रुंदी व एक अंतर आधीच भरलेले असते आणि पदवी स्तरावरील अनेक प्रकल्पांत ते तसेच ठेवले जाते. काही विद्यार्थी इंटरनेटवरील गणकयंत्रात विद्युतधारेचा आकडा भरून मिळालेले उत्तर उतरवून घेतात. ही दुसरी पद्धत पहिलीपेक्षा निश्चितच बरी होय. परंतु तो आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे ठाऊक नसेल तर त्याच पद्धतीने फलक जळूही शकतो आणि वापरणाऱ्यास विजेचा धक्काही बसू शकतो.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एकच उदाहरण घेऊ. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्यापासून ५ व्होल्ट, ३ अँपिअर एकदिश पुरवठा देणारा, म्हणजे १५ वॅटचा, लहान वीजपुरवठा फलक. या फलकाचे दोन भाग पडतात. घरगुती विजेशी जोडलेल्या प्राथमिक भागात विद्युतदाब मोठा पण धारा अल्प असते. रूपांतर कार्यक्षमता ८० टक्के धरली तर प्राथमिक बाजूची सरासरी एकदिश धारा सुमारे ६० मिलिअँपिअर भरते. वापरणाऱ्याच्या हाती येणाऱ्या दुय्यम भागात दाब केवळ ५ व्होल्ट, पण धारा ३ अँपिअर. त्यामुळे एकाच फलकाच्या एका बाजूस अंतर निर्णायक ठरते, तर दुसऱ्या बाजूस रुंदी.

रुंदी व तापमानवाढ

ट्रॅकमधून धारा वाहू लागली की रोधामुळे उष्णता निर्माण होते. निर्माण होणारी आणि परिसरात निघून जाणारी उष्णता समान झाली की ट्रॅकचे तापमान स्थिरावते. म्हणून ‘हा ट्रॅक किती अँपिअर वाहू शकतो’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. किती तापमानवाढ चालेल, हे आधी ठरवावे लागते.

तांब्याची जाडी औंसमध्ये सांगण्याची प्रथा आहे. एक चौरस फूट पृष्ठावर एक औंस तांबे समान पसरले की जो थर होतो तो एक औंस तांबे. त्याची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन. छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलमध्ये मोजतात (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी). आयपीसी या अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या उद्योगसंस्थेने १९९८ मध्ये आयपीसी-२२२१ हे मानक प्रसिद्ध केले. ही संस्था २०२५ पासून ग्लोबल इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. या मानकातील आलेखांवरून जे सूत्र प्रचारात आले ते असे : धारा ही तापमानवाढीचा ०.४४ वा घात, छेदाच्या क्षेत्रफळाचा ०.७२५ वा घात व एक स्थिरांक यांच्या गुणाकाराइतकी असते. बाह्य थरावरील ट्रॅकसाठी हा स्थिरांक ०.०४८ आणि आतील थरासाठी ०.०२४ धरतात.

आपल्या फलकास हे सूत्र लावून पाहू. ३ अँपिअर धारा, १० अंश सेल्सिअस तापमानवाढ, एक औंस तांबे व बाह्य थर असे धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मिल आणि रुंदी १.३७ मिमी येते. तापमानवाढ २० अंश चालणार असेल तर ०.९ मिमी पुरते. १ अँपिअर धारेस १० अंशांच्या वाढीकरिता ०.३ मिमी पुरेशी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की धारा व रुंदी यांचे प्रमाण सरळ नाही. धारा दुप्पट झाली की रुंदी सुमारे २.६ पट लागते.

मात्र सूत्रात कोणती धारा भरावी, हा प्रश्न गणितापेक्षा महत्त्वाचा आहे. लहान वीजपुरवठ्यांत बहुधा फ्लायबॅक पद्धतीचा परिपथ असतो. त्यात रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यातून डायोडमार्गे संधारित्राकडे जाणारी धारा अखंड नसून त्रिकोणी स्पंदांची असते. हे स्पंद प्रत्येक आवर्तनाचा निम्माच काळ वाहतात असे मानले, तर सरासरी ३ अँपिअर मिळण्यासाठी प्रत्येक स्पंदाचे शिखर १२ अँपिअरपर्यंत जावे लागते आणि धारेचे आरएमएस मूल्य ४.९ अँपिअर होते. ट्रॅक तापतो तो आरएमएस मूल्याने. म्हणजे वेटोळ्यापासून संधारित्रापर्यंतच्या तुकड्यास १० अंशांच्या वाढीकरिता १.३७ नव्हे, तर सुमारे २.७ मिमी रुंदी हवी. उपकरणावर ‘३ अँपिअर’ असे छापलेले असते. ती संख्या केवळ संधारित्राच्या पुढील ट्रॅकला लागू पडते.

आतील थराचा स्थिरांक

आतील थराचा स्थिरांक नेमका निम्मा का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. या आकड्याचा इतिहास उद्बोधक आहे. मूळ आलेख १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत झालेल्या मोजमापांवर आधारलेले आहेत. ती मोजमापे पृष्ठावरील ट्रॅकची होती आणि नमुनेही एकसारखे नव्हते. फलकांच्या व तांब्याच्या जाडीत फरक होता. बहुस्तरीय फलक पुढे आले तेव्हा आतील ट्रॅकला हवा लागत नाही, म्हणून तो अधिक तापेल, असा तर्क करून बाह्य ट्रॅकची धारा निम्मी करण्यात आली. हे आलेख आधी लष्करी मानकांत, तेथून आयपीसी-डी-२७५ मध्ये आणि पुढे आयपीसी-२२२१ मध्ये आले. निम्मेपणाचा हा नियम मोजून काढलेला नव्हता.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीसी-२१५२ या मानकासाठी प्रथमच आतील ट्रॅकची पद्धतशीर मोजमापे विचारात घेतली गेली. त्यांतून असे दिसून आले, की आतील ट्रॅक बाह्य ट्रॅकपेक्षा अधिक तापतोच असे नाही. पुष्कळदा तो कमीच तापतो. कारण विचारान्ती सोपे वाटते. स्थिर हवेची उष्णतावाहकता दर मीटर दर केल्व्हिन सुमारे ०.०२६ वॅट, तर काचतंतू व इपॉक्सीच्या एफआर-४ या फलकद्रव्याची सुमारे ०.२५ ते ०.३ वॅट. म्हणजे फलकद्रव्य हवेपेक्षा सुमारे दहापट सुवाहक. आतील ट्रॅकला ते दोन्ही बाजूंनी वेढून असते, उष्णता आडवी पसरते आणि फलकाच्या मोठ्या पृष्ठावरून बाहेर पडते. शेजारच्या थरावर तांब्याचा अखंड पत्रा असेल तर तापमानवाढ आणखी घटते.

जुन्या सूत्राने आतील थरावर ३ अँपिअरसाठी सुमारे ३.६ मिमी रुंदी येते. ती धोकादायक नाही, केवळ उधळपट्टी आहे. याउलट आसपास दुसरे तांबे नसलेल्या पातळ फलकावर जुने बाह्य आलेख अपुरे पडण्याचा संभव असतो. त्यामुळे जुने सूत्र नेहमी सुरक्षित बाजूस चुकते, हा समज बरोबर म्हणता येणार नाही.

विद्युतदाबातील घट

तापमानाच्या गणितात ट्रॅकची लांबी येत नाही. दाबातील घटीच्या गणितात तीच प्रमुख असते. एक औंस तांब्याच्या कोणत्याही चौरस तुकड्याचा रोध, तुकडा लहान असो वा मोठा, सुमारे अर्धा मिलिओहम असतो. म्हणून ट्रॅकच्या लांबीत त्याच्या रुंदीइतके किती चौरस बसतात ते मोजले की रोध तोंडी काढता येतो. १.३७ मिमी रुंद व १०० मिमी लांब ट्रॅकमध्ये ७३ चौरस बसतात. रोध सुमारे ३६ मिलिओहम. ३ अँपिअर धारेस घट ०.१०७ व्होल्ट. धारेला परतीची वाटही लागते. ती तितकीच अरुंद असेल तर एकूण घट ०.२१ व्होल्टच्या वर जाते. ५ व्होल्ट पुरवठ्यास ५ टक्के सूट असली, तर ०.२५ व्होल्टपैकी बहुतांश सूट ट्रॅकनेच खाल्ली असे होईल. तांबे तापल्यावर रोध वाढतो तो निराळाच; ४० अंशांच्या वाढीस सुमारे १६ टक्के.

ही घट ०.०५ व्होल्टपर्यंत आणावयाची तर दोन्ही ट्रॅक जवळजवळ ६ मिमी रुंद करावे लागतील. म्हणजे लांब फलकावर तापमानाचा आकडा बाजूस राहतो व दाबातील घट रुंदी ठरवते. याच ट्रॅकची लांबी ३० मिमी असती तर एकेरी घट ०.०३ व्होल्टच्या आसपास राहिली असती आणि तापमानाचा नियम पुन्हा वरचढ ठरला असता.

प्राथमिक बाजूस ६० मिलिअँपिअर धारेकरिता गणिताने केसासारखा ट्रॅकही पुरतो. तेथे विचार करावा लागतो तो बिघाडाच्या क्षणाचा. परिपथात शॉर्ट झाल्यास फ्यूज वितळेपर्यंत जी प्रचंड धारा वाहील ती ट्रॅकने सोसली पाहिजे. फ्यूजच्या आधी ट्रॅकच जळाला तर तुटलेल्या जागी ठिणगी होऊन फलकाचा कोळसा होण्याचा धोका असतो. म्हणून या बाजूचे ट्रॅकही एक-दोन मिमी रुंद ठेवण्याची प्रथा योग्यच आहे.

अंतर : कोष्टक आणि त्यामागील कारण

अंतरासाठी आयपीसी-२२२१ मध्ये एक कोष्टक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार समुद्रसपाटीपासून ३०५० मीटर उंचीपर्यंत, लेप नसलेल्या बाह्य ट्रॅकसाठी किमान अंतरे अशी : ३० व्होल्टपर्यंत ०.१ मिमी, ३१ ते १५० व्होल्ट ०.६ मिमी, १५१ ते ३०० व्होल्ट १.२५ मिमी, ३०१ ते ५०० व्होल्ट २.५ मिमी, आणि त्यापुढे प्रत्येक जादा व्होल्टला ०.००५ मिमी.

हे कोष्टक वाचताना वारंवार होणारी चूक अशी, की घरगुती वीज २३० व्होल्टची म्हणून १५१ ते ३०० ही ओळ पाहिली जाते व १.२५ मिमी अंतर सोडले जाते. २३० हे आरएमएस मूल्य आहे. कोष्टक एकदिश दाबासाठी किंवा प्रत्यावर्ती दाबाच्या शिखरमूल्यासाठी आहे. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते. पुरवठा १० टक्क्यांनी वाढला तर ते ३५८ व्होल्टपर्यंत जाते. म्हणजे योग्य ओळ ३०१ ते ५०० ची आणि अंतर दुप्पट, २.५ मिमी.

तथापि, एवढे अंतर लागतेच कशाला? फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले, की वायूतील विद्युत्भंग हा वायूचा दाब व दोन टोकांतील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. या गुणाकाराच्या एका विशिष्ट मूल्यास भंगाचा विद्युतदाब किमान होतो. हवेसाठी हे किमान मूल्य सुमारे ३२७ व्होल्ट आहे आणि सामान्य वातावरणीय दाबास ते साधारण साडेसात मायक्रॉन फटीला येते. एक मिलिमीटर स्वच्छ हवा तर सुमारे तीन हजार व्होल्ट सहज अडवते. मग ३२५ व्होल्टला २.५ मिमी ही अतिसावधगिरी नव्हे काय?

याची उत्तरे दोन आहेत. पहिले असे, की विजेच्या तारांवर गडगडाटामुळे व मोठी यंत्रे चालू-बंद होण्यामुळे क्षणिक उसळ्या येतात. २३० व्होल्टच्या घरगुती उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानके अशी उसळी २५०० व्होल्टपर्यंत गृहीत धरतात. दुसरे उत्तर असे, की दोन ट्रॅकमध्ये केवळ हवा नसते, फलकाचा पृष्ठभागही असतो. त्यावर धूळ बसते, सोल्डरिंगचा फ्लक्स राहतो आणि दमट हवेत त्या थरास ओल येते. कोकणातील पावसाळ्यात उघड्या फलकावर असा ओलसर थर सहज जमतो. त्यातून सूक्ष्म धारा झिरपते, ठिकठिकाणी बारीक ठिणग्या पडतात आणि इपॉक्सी हळूहळू जळून पृष्ठावर कोळशाची वाहक वाट तयार होते. ही क्रिया महिनोन्‌महिने चालू शकते. म्हणूनच सुरक्षिततेची मानके हवेतून सरळ मोजलेले अंतर व पृष्ठभागावरून मोजलेले अंतर यांत भेद करतात. पहिल्यास क्लिअरन्स व दुसऱ्यास क्रीपेज म्हणतात.

एफआर-४ सारख्या द्रव्यावर २५० व्होल्ट आरएमएस कार्यदाबासाठी, घर वा कार्यालयातील सामान्य स्वच्छतेत, मूलभूत विद्युतरोधनाचे क्रीपेज २.५ मिमी लागते. वाहक धूळ किंवा ओल यांच्या परिसरात तेच ४ मिमी होते. आपल्या फलकावर प्राथमिक व दुय्यम भागांमधील सीमारेषेस तर मूलभूत रोधन पुरत नाही. वापरणाऱ्याचा हात दुय्यम बाजूस लागतो, त्यामुळे तेथे प्रबलित रोधन, म्हणजे दुप्पट, ५ मिमी क्रीपेज आवश्यक ठरते. अनुभवी आरेखक ६ ते ८ मिमी ठेवतात. स्वस्त चार्जर उघडून पाहिल्यास सर्वांत प्रथम पाहावयाची जागा हीच. आयपीसीचे २.५ मिमी पाळून केलेला फलक या सीमारेषेवर नापास होतो, कारण त्या कोष्टकाचा हेतू परिपथ नीट चालावा हा आहे, मनुष्याचे संरक्षण हा नव्हे. वरच्या हिरव्या आवरणाबाबतही असेच. आयपीसीचे कोष्टक कायम पॉलिमर लेपाखालील ट्रॅकला ३०१ ते ५०० व्होल्टसाठी ०.८ मिमी इतकी सवलत देते. सुरक्षा मानके साध्या सोल्डरमास्कला सर्वसाधारणपणे अशी सवलत देत नाहीत.

जागा अपुरी असेल तर फलकात आरपार खाच पाडून पृष्ठीय वाट लांब करता येते. चार पायांच्या ऑप्टोकपलरखाली दिसणारी खाच ती हीच. मात्र सामान्य परिसरात १ मिमीपेक्षा अरुंद खाच मोजणीत धरली जात नाही, कारण ती धुळीने बुजते असे मानले जाते. खाचेमुळे क्लिअरन्स मात्र वाढत नाही. हवेतील सरळ वाट तेवढीच राहते.

उंचीचा प्रश्नही क्लिअरन्सचाच. हवा विरळ झाली की भंग लवकर होतो. लेह शहर सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आयपीसीच्या ३०५० मीटरच्या रेषेपलीकडे. तेथे कोष्टक ३०१ ते ५०० व्होल्टसाठी २.५ मिमीऐवजी एकदम १२.५ मिमी सांगते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे मानक मात्र ४००० मीटर उंचीसही क्लिअरन्स केवळ १.२९ पट करावयास सांगते. पाशेनच्या नियमाशी हा दुसरा आकडा अधिक सुसंगत आहे. पाचपट वाढ ही भौतिकीपेक्षा सावधगिरीतून आलेली दिसते.

कोष्टक पाळणे अशक्य होते अशाही जागा आहेत. फ्लायबॅक परिपथातील मॉसफेटच्या ड्रेन टोकावर चालू-बंद होताना दाब ६०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. कोष्टकाप्रमाणे अंतर ३ मिमी हवे. पण टीओ-२२० या नेहमीच्या वेष्टनाचे पायच २.५४ मिमी अंतरावर असतात आणि पॅड आखल्यावर मध्ये जेमतेम १ मिमी उरतो. येथे मधला पाय पुढे वाकवून पॅड तिरके मांडतात किंवा फलकास लेप देतात. हे अंतर प्राथमिक बाजूच्याच दोन बिंदूंमधील असल्याने, तेथे शॉर्ट झाल्यावर फ्यूज जाऊन उपकरण निर्धोकपणे बंद पडते असे चाचणीने सिद्ध केल्यास सुरक्षा मानके ते स्वीकारतात.

निर्मितीच्या मर्यादा

फेरिक क्लोराइड किंवा तत्सम द्रावण तांबे वरून खाली खाते, तसे कडेनेही खाते. त्यामुळे ट्रॅकचा छेद आयताकृती न राहता वर अरुंद व खाली रुंद होतो. एक औंस तांब्यावर ०.१५ मिमी रुंदी व अंतर बहुतेक कारखाने सहज देतात. बाह्य थरावर बऱ्याचदा अर्धा औंस तांब्यापासून आरंभ करून विद्युतलेपनाने जाडी वाढवली जाते. म्हणून मागणीपत्रात आरंभीची नव्हे, तर अंतिम जाडी लिहिणे आवश्यक असते.

अतिवेगवान संकेतांच्या ट्रॅकला निराळाच नियम लागतो. तेथे रुंदी धारेवरून ठरत नाही, ट्रॅक व त्याखालील तांब्याचा पत्रा यांतील अंतरावरून ठरते. १.६ मिमी जाड एफआर-४ वर ५० ओहम प्रतिबाधेसाठी सुमारे ३ मिमी रुंदी लागते, पत्रा ०.२ मिमी खाली असला की ०.४ मिमीच्या आतच काम भागते. आपल्या वीजपुरवठ्यात असे ट्रॅक नाहीत.

३ अँपिअरच्या ट्रॅकसाठी जागा उरत नाही तेव्हा दोन औंस तांबे वापरण्याचा मोह होतो. सूत्राप्रमाणे १.३७ मिमीचे काम ०.७ मिमीत होते आणि रोध तोच राहतो. परंतु ७० मायक्रॉन तांबे कोरताना कडा अधिक खाल्ल्या जातात, त्यामुळे कारखाना किमान अंतर ०.२ मिमी किंवा त्याहून अधिक मागतो. ही अट संपूर्ण थराला लागू होते. त्याच थरावर अर्धा मिमी अंतराच्या पायांचे नियंत्रक आयसी असेल तर त्याच्या पॅडमध्ये एवढी फट उरेलच असे नाही. अशा वेळी एक औंस तांबेच ठेवून, तो ट्रॅक दोन्ही बाह्य थरांवर समांतर नेऊन मध्ये ठिकठिकाणी छिद्रांनी जोडणे अधिक सोयीचे पडते.